आधी किती होती?

रात्रीचे पावणेदोन झाले असतील. पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरातला दिवा लावला. दिवा लावल्यावर एखादा सेकंद मी मुद्दामच कुठे बघत नाही. ज्यांना पळायचंय त्यांनी तेवढ्यात पळावं, असा आमच्यात बरीच वर्षं चालत आलेला करार आहे. त्या रात्री सगळी पळाली, एक सोडून. सिंकखालच्या कपाटाचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं आणि बिजागरीशेजारी, आठ दिवसांपूर्वी लावून घेतलेल्या जेलच्या ठिपक्यासमोर, एक झुरळ उभं होतं. लहान जातीचं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेलं. त्याने आधी उजवी मिशी ठिपक्यावर टेकवली, मग डावी. मग तोंड खाली नेलं. मी श्वास रोखून बघत होते. खा बाबा, खा एकदाचं. त्याने तोंड वर उचललं, पुढच्या पायाने मिशी खाली ओढून तोंडातून साफ करून घेतली, जेवण झाल्यावर हात धुवावेत तितक्या सावकाश, आणि वळून फटीत निघून गेलं. खाल्लं नव्हतं. फोन हातात होता म्हणून यातलं चाळीसएक सेकंद टिपूनही ठेवलं, पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवायला. पुढे ते दाखवायचं राहूनच गेलं. पण त्या झुरळाचं ते वळणं काही डोक्यातून जाईना. आपण वाढलेलं ताट कुणी न बोलता बाजूला सारावं, तसं काहीतरी वाटलं होतं. ताटात विष होतं, ही गोष्ट वेगळी.

खरं तर त्याच दिवशी संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली होती, आणि ती जास्त लागली होती. शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांच्याकडेही झुरळांनी उच्छाद मांडलेला, म्हणून त्यांनी विचारलं, "काय गं, त्या जेलने फरक पडला का?" मी छातीठोकपणे म्हणाले, "खूपच. ऐंशी टक्के तरी कमी झालीत." लेक टेबलाशी बसून गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी किती होती?" मी म्हणाले, "म्हणजे?" तर म्हणे, "ऐंशी टक्के कमी झाली म्हणजे आधी शंभर टक्के किती होती? मोजली होतीस?" काकू हसल्या, मीही हसले. सातवीतल्या मुलींना टक्केवारी नव्याने शिकवलेली असते, त्या जिथेतिथे लावत सुटतात. पण रात्री त्या ठिपक्यासमोरून वळून जाणारं झुरळ बघताना तोच प्रश्न परत आला. मी मोजली नव्हती. मला दिसायची ती दिसेनाशी झाली होती, एवढंच. आणि न दिसणं हा तर झुरळाचा मूळ धंदा.

माझ्या लहानपणी हा प्रश्न कुणाला पडला नसता, कारण तेव्हा पुरावा सकाळी जमिनीवर पडलेला असायचा. बाबांकडे फवारणीचा पत्र्याचा पंप होता, पुढे डबी आणि मागे लाकडी मुठीचा दांडा. सुटीच्या आदल्या रात्री ते नाकाला रुमाल बांधून स्वयंपाकघरात शिरायचे आणि आई आम्हाला बाहेरच्या खोलीत कोंडून घ्यायची. दाराखालच्या फटीतून तो वास यायचा, रॉकेलसारखा, पण त्यात काहीतरी गोडसर मिसळलेलं. मला तो वास आवडायचा, हे आज सांगायलाही भीती वाटते. मग पंपाचा फस्स्-फस्स् आवाज, मध्येच बाबांचं "अरे, अरे, तिकडे!" आणि चपलेचा एक फटका. सकाळी आई झाडू घेऊन आत जायची, तेव्हा ओट्याखाली, मोरीच्या कडेला, फडताळामागे उताणी पडलेली झुरळं. काहींचे पाय अजून हलत असायचे. आई ती सुपलीत गोळा करायची आणि बाबांसमोर धरून म्हणायची, "अहो, बघा तरी, किती!" बाबा वर्तमानपत्रातून डोकं काढून बघायचे. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान असायचं, तसं पगाराच्या दिवशीही नसायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा तितकीच झुरळं असायची आणि पुन्हा तितकीच सुपली भरायची. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं त्या घरात कुणालाच कधी वाटलं नाही. सुपली भरली म्हणजे औषध चांगलं.

जेलचं सगळं याच्या उलट. पेस्ट कंट्रोलवाला मुलगा जाताना बजावून गेला होता, "ताई, मेलेली फारशी दिसणार नाहीत, ती आतच मरतात. आणि काही झालं तरी वरून स्प्रे मारू नका." पिचकारीसारख्या नळीतून त्याने बिजागऱ्यांच्या खोबणीत, ट्रॉलीच्या रुळांच्या टोकाला, सिंकच्या पाइपाभोवती, टाचणीच्या डोक्याहून जरासे मोठे असे ठिपके दिले होते. वीस मिनिटांत काम झालं. ना वास, ना धूर, ना भांडी झाकायची धावपळ. तो गेल्यावर मला क्षणभर फसवल्यासारखंच झालं. काहीतरी घडल्याची एकही खूण नाही. बाबांच्या पंपावर विश्वास ठेवणं सोपं होतं, कारण तो नाकात जायचा.

हे औषध मुद्दाम सावकाश मारतं, हे नंतर वाचून कळलं. खाल्ल्या खाल्ल्या झुरळ मेलं तर ते तिथेच ठिपक्याशेजारी पडेल आणि गोष्ट तेवढ्यावर संपेल. म्हणून त्याला घरी जाऊ द्यायचं. माझ्या नळीत इंडोक्साकार्ब होतं. ते पोटात गेल्यावर झुरळाचीच पाचकद्रव्यं त्याचं आणखी जहाल रूप तयार करतात, म्हणजे विष पुरतं तयार होतं ते झुरळाच्या पोटात. मग ते फटीत परततं. तिथे नुकती जन्मलेली पिल्लं असतात, ती पहिले काही दिवस फारशी बाहेर पडत नाहीत आणि मोठ्यांच्या विष्ठेवर जगतात. त्या विष्ठेतून विष त्यांच्यापर्यंत पोचतं. मेलेल्या झुरळाला बाकीची कुरतडतात, त्यांनाही मिळतं. एका ठिपक्यातून दुसरी, कधी तिसरी फळीही मरते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा "वा!" असं तोंडातून निघालं, आणि लगेच स्वतःचीच थोडी शिसारी आली. बाहेरून दमून घरी यावं, आणि आपण घरच्यांसाठी काय घेऊन आलोय हे आपल्यालाच माहीत नसावं. झुरळाबद्दल असं काही वाटून घेऊ नये, कळतं मला. तरी वाटलं.

काही महिन्यांनी झुरळं परतली. या वेळी मोजायचं ठरवलं.

मोजायचं म्हणजे चिकट सापळे. पुठ्ठ्याची घडी घालून बोगदा करायचा, आत गोंदासारखा थर. लेकीने स्वयंपाकघरासाठी सहा आणि मागच्या खोलीसाठी तीन सापळे तयार केले, प्रत्येकावर आकडा आणि बाण काढला. सापळा भिंतीला चिकटून ठेवायचा, कारण झुरळ मोकळ्या मैदानातून जात नाही. अंगाला काहीतरी घासत असलं की त्याला बरं वाटतं. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या एका वहीत उरलेल्या कोऱ्या पानांवर तक्ता आखला. आणि मग तिनेच दुसरा मुद्दा काढला, "मागच्या खोलीत जेल लावायचं नाही हं. तो आपला कंट्रोल."

मागच्या खोलीत जुना फ्रीज आहे. नवा घेतल्यावर तो टाकवेना म्हणून तिथे सरकवला आणि तिथेच सुरू ठेवला. त्याच्या मोटारीभोवती ऊब असते, खालच्या ट्रेमध्ये पाणी साठतं. लहान जातीच्या झुरळांना याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. कंट्रोल म्हणजे, काहीही औषध न लावता जसंच्या तसं ठेवलेलं ठिकाण. पुस्तकात वाचताना यात अवघड काय आहे, असं वाटतं. स्वतःच्या घरात, हातात औषधाची भरलेली नळी असताना, एका खोलीतली झुरळं पद्धतशीरपणे राखून ठेवायची म्हणजे काय, ते करून बघावं. रोज रात्री त्या खोलीचं दार ओढून घेताना मला कुणाला तरी आश्रय दिल्यासारखं वाटायचं. नवरा म्हणाला, "लोक कुत्री पाळतात." मी म्हणाले, विज्ञान आहे ते. तो म्हणाला, असू दे.

जेल लावण्याआधी तीन रात्री सापळे ठेवले. चौथ्या दिवशी सकाळी ते उघडून मोजणं, हे काम मी लेकीला करू देणार नव्हते, पण तिने मला करू दिलं नाही. भिंग घेऊन बसली आणि मोठी, मधली, पिल्लं असे तीन रकाने भरले. स्वयंपाकघरात चौऱ्याऐंशी. मागच्या खोलीत पस्तीस. चौऱ्याऐंशी! मी तो आकडा बघून गप्पच झाले. मला कोणी विचारलं असतं तर मी पंधरा-वीस सांगितली असती, आणि तेही लाजत. दिसतात त्यांच्यापेक्षा न दिसणारी कितीतरी जास्त असतात, हे वाक्य मी स्वतः कितीदा ऐकवलंय लोकांना. आपल्याच फडताळाचा आकडा वहीत आला की ते वाक्य वेगळंच वाचावं लागतं.

मग जेल. पंधरा दिवसांनी पुन्हा तीन रात्री तेच सापळे, त्याच जागा, नवा गोंद. स्वयंपाकघर: एकोणीस. लेकीने लगेच हिशेब केला, चौऱ्याऐंशीची एकोणीस म्हणजे सत्त्याहत्तर टक्के कमी. मला उगाचच अभिमान वाटला. माझं ते ऐंशी टक्के अगदीच हवेतलं नव्हतं तर. पण मग तिने मागच्या खोलीचे सापळे उघडले. पस्तीसची पंचवीस झाली होती. तिथे तर काहीच लावलं नव्हतं!

आम्ही दोघी त्या पंचवीसकडे बघत बसलो. थंडी पडायला लागली होती, त्याने कमी झाली असतील. काही भिंतीतून स्वयंपाकघरात गेली असतील आणि तिथलं जेल खाऊन मेली असतील, भिंत तर एकच आहे. मग लेक म्हणाली, "आई, आपणच नाही का पकडली पस्तीस?" आणि मला खरंच हसू फुटलं. पहिल्या मोजणीत सापळ्यांना चिकटलेली पस्तीस झुरळं आम्ही कचऱ्यात टाकली होती. मोजण्यानेच ती कमी झाली होती. मग हेच स्वयंपाकघरातही झालं असणार. तिथल्या सत्त्याहत्तरातले काही टक्के थंडीचे, काही सापळ्यांचे, आणि उरलेलं श्रेय जेलचं.

या गोष्टीसाठी फार आधीच लोकांनी डोकं चालवून ठेवलंय. औषध न लावलेल्या गटातही काही किडे आपोआप मरतात, ते वजा करून खरा परिणाम काढायचं साधं सूत्र अ‍ॅबट नावाच्या अमेरिकन कीटकतज्ज्ञाने १९२५ साली दिलं. आणि आमच्यासारखी आधीची-नंतरची, औषधाची-बिनऔषधाची अशी चार आकड्यांची भानगड असेल, तर १९५५ साली हेंडरसन आणि टिल्टन या दोघांनी मांडलेलं सूत्र. आमच्या वहीत ते असं उतरलं: मागच्या खोलीत पस्तीसची पंचवीस राहिली, त्याच प्रमाणात स्वयंपाकघरात चौऱ्याऐंशीची जेल न लावताही साठ झाली असती. साठऐवजी एकोणीस आहेत. म्हणजे जेलचा वाटा अडुसष्ट टक्के. सत्त्याहत्तरचे अडुसष्ट झाले. नऊ टक्के मी त्या दिवशी जेलच्या खात्यातून परत घेतले, आणि काय सांगू, दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे परत करताना येतो तसा एक पोकळ प्रामाणिकपणा मनात आला. मग हेही लक्षात आलं की सहा आणि तीन सापळ्यांवर, एका घरावर, एका भिंतीच्या आडोशाने काढलेला हा अडुसष्टचा आकडाही काही फार मान ताठ करून सांगण्यासारखा नाही.

नळीच्या खोक्यावर मात्र याहून कितीतरी चढा दावा असतो. तो खोटा नसतो. प्रयोगशाळेत झुरळं एका डब्यात ठेवतात, लपायला पुठ्ठ्याची गुंडाळी, प्यायला पाणी, कधी आदला दिवस उपाशी ठेवून मग जेल देतात. समोर दुसरं काहीच नसेल तर ती खाणारच. जरा न्याय्य चाचणी करायची तर शेजारी दुसरं खाणंही ठेवतात आणि बघतात, विष निवडतात का. आणि ज्या झुरळांवर हे होतं ती अनेकदा पिढ्यान्पिढ्या प्रयोगशाळेतच वाढलेली, कीटकनाशकाचा वाराही न लागलेली असतात. सरळमार्गी घरातली मुलं म्हणा. माझ्या स्वयंपाकघरातली तशी नाहीत. त्यांच्या आज्या-पणज्यांनी फवारे, खडूच्या रेघा, पीठ-साखर-बोरिक पावडरच्या गोळ्या असं सगळं बघितलंय. आणि माझ्याकडे दुसरं खाणं नसायला मी कुठे इतकी टापटिपीची? गॅसच्या शेगडीखालचा तेलाचा थर, मिक्सरच्या बुडाची घाण, जुन्या वह्यांच्या पाठीची खळ, भांडी घासायच्या साबणाचा तुकडा. जेलचा ठिपका या सगळ्याशी स्पर्धा करतो. पंधरा दिवस औषधाची परीक्षा चालली होती म्हणे. शेगडी उचलून बघितली तेव्हा कळलं, परीक्षेला मीही बसले होते.

मधल्या काळात मी त्या रात्रीच्या झुरळाचा विचार करत होते. त्याने का खाल्लं नाही? वाचता वाचता एक गोष्ट सापडली आणि मला वाटलं, झालं, हेच ते. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल शहरात टी-१६४ या क्रमांकाच्या एका अपार्टमेंटमध्ये १९८०च्या दशकात आमिषाच्या विषाने झुरळं मरेनाशी झाली. ज्यूल्स सिल्व्हरमन नावाच्या कीटकतज्ज्ञाने आधी विष तपासलं. ते ठीक होतं. मग त्याने आमिषातला एकेक घटक वेगळा करून त्यांच्यासमोर ठेवला. ती झुरळं ग्लुकोजला नकार देत होती. विषाला नाही, गोडाला! ज्या गोडासाठी इतर झुरळं धावत येतात, त्यालाच. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ते रक्तातूनच आलं होतं. पिल्लंही तशीच निघत. हे १९९३ साली छापून आलं, आणि त्याचं कारण उलगडायला आणखी वीस वर्षं गेली. २०१३ साली आयाको वाडा-कात्सुमाता, सिल्व्हरमन आणि कोबी शाल यांनी दाखवलं की या झुरळांच्या तोंडावरच्या, कडू चव ओळखणाऱ्या चेतापेशी ग्लुकोजने उत्तेजित होतात. म्हणजे त्यांना साखर खरोखरच कडू लागते. गोड खाणारी मेली, ज्यांच्या जिभेत काहीतरी उलटंपालटं होतं ती जगली, आणि पुढचं घराणं त्यांचं झालं. मी हे वाचून रात्री लेकीला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, शेजारच्या काकूंना तर अडवून सांगितलं. माझ्या कपाटातलं ते झुरळ आता साधं राहिलं नव्हतं. त्याने तोंड वर उचललं होतं, मिशी पुसली होती. कडू लागलं होतं त्याला! मला जवळजवळ त्याचा आदर वाटायला लागला.

तेवढ्यात नवऱ्याने घोळ घातला. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री ओट्यावरून एक झुरळ गेलं आणि त्याने सिंकखालचा जुना स्प्रे काढून पूर्ण कपाटभर मारला. सकाळी मी गेले तर बिजागऱ्यांवर ओल, आणि बाबांच्या पंपाच्या वासाचा लांबचा भाऊ म्हणावा असा वास. जेलचे अर्धे ठिपके त्या फवाऱ्याखाली. अशा फवाऱ्याने झुरळं त्या जागेपासून दूर राहतात, वास बसलेलं आमिषही खात नाहीत. पेस्ट कंट्रोलवाला मुलगा हेच तर सांगून गेला होता. मी चिडले. नवरा म्हणाला, "निदान एक तरी मेलं डोळ्यांसमोर." आणि मला त्याच्या चेहऱ्यावर वर्तमानपत्रातून डोकं काढणारे बाबा दिसले, मग फार बोलता आलं नाही. उत्तर कॅरोलिनात तीस घरांमध्ये जवळपास असाच मुकाबला तपासून बघितलाय, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला: खोली बंद करून धुराच्या डब्या सोडलेल्या घरांत झुरळांची संख्या जवळपास तशीच राहिली, आणि विषाचा थर मात्र ओट्या-जमिनीवर बसला, जेल लावलेल्या घरांत झुरळं घटली. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "त्या घरांत तुझ्यासारखी बाई होती का, एक खोली राखून ठेवणारी?"

जेलही काही अमर नाही म्हणा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की झुरळं एका पिढीत एका विषाला पुरून उरायला लागतात, इतकंच नाही, तर कधी न भेटलेल्या दुसऱ्या विषांनाही. यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. कपाळाला हात लावला आणि ते पान बंद केलं.

चौथ्या आठवड्याच्या मोजणीत चार नंबरच्या सापळ्यात ते दिसलं. पाइपामागचा सापळा. लेकीने घडी उलगडली आणि म्हणाली, "ई, आई, हे काय आहे?" मधोमध एक मोठी मादी चिकटलेली, पोट गोंदात, मिशा अजून हळूहळू फिरत होत्या. तिच्या शेपटाशी एक फुटलेली डबी, तपकिरी, चपटी, खोबणीखोबणीची. आणि त्या डबीभोवती, अर्धवर्तुळात, पांढुरके ठिपके. आधी मला वाटलं बुरशी आहे. भिंग धरलं तर त्यांना पाय होते, काळे डोळे होते. अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं झुरळ पांढरं असतं, काही तासांनी त्याचा रंग चढतो. ही डबीतून निघाली होती आणि दोन-चार मिलिमीटर चालून, आईपासून जेमतेम दूर जाऊन, गोंदात थांबली होती. काही जरा गडद झालेली, काही तशीच फिकट. सगळ्यांची तोंडं बाहेरच्या दिशेने. या जातीची मादी अंड्यांची डबी पिल्लं निघायच्या बेतापर्यंत अंगालाच लावून हिंडते, तीनचार आठवडे. इतर बऱ्याच झुरळांसारखी कुठेतरी चिकटवून मोकळी होत नाही. एका डबीत तीस ते चाळीस. लेकीने मोजली, चौतीस. मग पेन्सिल रकान्यावर धरून थांबली.

"ही मोजायची का?"

मला उत्तर आलं नाही. ती सापळ्यात चालत आली नव्हती. सापळ्यातच जन्मली होती. मोजली तर स्वयंपाकघराचा आकडा एकदम वर जाणार आणि जेल नापास. नाही मोजली तर चौतीस झुरळं समोर असून नाहीत म्हणायचं. लेकीने शेवटी रकान्यात "८ (+३४)" असं लिहिलं आणि कंसावर दोनदा पेन्सिल गिरवली. मी सापळा दुमडून पिशवीत घालताना त्या मादीच्या मिशा पुठ्ठ्याच्या कडेतून बाहेर राहिल्या. त्या आत ढकलायला मला बोट लावावं लागलं.

हात धुताना काहीतरी आठवलं आणि मी ओल्या हातानेच फोन उघडला. जुन्या व्हिडिओंत खाली खाली जात ती चाळीस सेकंदं सापडली. ठिपका, उजवी मिशी, डावी मिशी, तोंड खाली, तोंड वर. मग ते वळतं. वळताना क्षणभर त्याची मागची बाजू दिव्याकडे येते. मी तिथे थांबवून दोन बोटांनी चित्र मोठं केलं. पंखांखालून शेपटाच्या बाजूला काहीतरी पुढे आलेलं. तपकिरी, चपटं. ते झुरळ मादी होतं आणि तिच्याजवळ डबी होती. डबी वाहणारी मादी त्या काळात जवळजवळ खातच नाही, लपूनच बसते. आमिषाची चाचणी महिना-दोन महिने चालवावी लागते ती यासाठीही, पहिल्या फेरीत या माद्या हाताला लागत नाहीत, त्या डबी सोडून भुकेल्या बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे कडू चव नाही, टी-१६४ नाही, पिढ्यान्पिढ्यांची हुशारी नाही. तिला त्या रात्री भूक नव्हती. निदान त्या चित्रावरून तरी इतकंच म्हणता येत होतं. आणि मी इतके महिने तिच्या नकारावर केवढा इमला उभा केला होता.

शेजारच्या काकूंना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांनी ती कडू साखरेची गोष्ट पुढे बऱ्याच जणांना सांगितली आहे, माझ्या स्वयंपाकघरातल्या झुरळाच्या नावासकट.

काल रात्री ठरवलं, पुरे झालं, आता मागच्या खोलीचाही निकाल लावायचा. वही भरत आली होती, आणि त्या दारासमोरून जाताना माझी पावलं आपोआप जपून पडायला लागली होती, ते मला आवडेना. नळीचं टोपण काढून जुन्या फ्रीजमागे वाकले. टॉर्चच्या उजेडात मोटारीवरची धूळ हलत होती, आणि पत्र्याच्या फटीतून दोन मिशा बाहेर आल्या, हवेत काहीतरी वाचल्यासारख्या फिरल्या. मी नळी जवळ नेली. ऊब बोटांना लागली. मागून लेकीचा आवाज आला, "आई, थांब."

ती हातात तीन सापळे घेऊन उभी होती, तिन्हींवर आजची तारीख घालून.

मी टोपण परत लावलं.